सल्ल्याचा रकाना

टण्ण! प्रशिक्षणात कुणाच्या तोंडून सल्ला निसटला की मॅडम टेबलावरची घंटी वाजवायच्या. "तुमची मुलं मनाच्या आजारातून बाहेर आली आहेत, म्हणून तुम्हाला निवडलंय. अशा मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईचं फक्त ऐकून घ्यायचं." पाच दिवसांत सर्वांत जास्त वेळा घंटी वाजली ती हेमाताईंमुळे.

सहाव्या दिवशी त्या पहिल्या घरी गेल्या. तिथला मुलगा दोन महिने शाळेत गेला नव्हता, खोलीतच बसून असायचा. त्याची आई तासभर बोलली, रडली. हेमाताईंनी कशीबशी जीभ आवरली. हेमाताई निघताना ती म्हणाली, "गुरुवारी पुन्हा याल? बाकी सगळे येतात ते शिकवूनच जातात हो."

मॅडमनी हेमाताईंचा भेटीचा अहवाल परत केला. "'दिलेला सल्ला' हा रकाना कोराच आहे."

"दिलाच नाही, मॅडम."

"अहो, कोरा रकाना वरच्या ऑफिसात चालत नाही. काहीतरी लिहा!"

हेमाताईंनी खूप आठवलं आणि शेवटी लिहिलं, 'चहा गार होतोय, आधी तो प्या.'

मॅडमनी ते वाचलं आणि सवयीनं त्यांचा हात घंटीवर पडला.