सोबोलिन यांची चौथी सिम्फनी

व्हायोला वाजवणाऱ्यांच्या यादीत उपासनाचं नाव नव्हतं. तिनं यादी दोनदा वाचली. मग रिहर्सल हॉलच्या दारावरून तो कागद ओरबाडून काढला आणि थेट ऑर्केस्ट्राचे कंडक्टर सोबोलिन यांच्यासमोर धरला.

"गुरुवारी घरी या, बोलू," एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा समोरच्या स्वरलिपीत, स्कोअरमध्ये डोकं घातलं.

अर्काडी सोबोलिन एक्याऐंशी वर्षांचे होते. लेनिनग्राडमध्ये असताना त्यांनी तीन सिम्फनी लिहिल्या. तिसरी तिथल्या अधिकाऱ्यांनी वाजवूच दिली नाही, तेव्हा एक सुटकेस घेऊन ते अमेरिकेत आले. नेपरव्हिलमधला हा हौशी ऑर्केस्ट्रा त्यांनी पस्तीस वर्षं चालवला. चौथी सिम्फनी लिहायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. येत्या मे महिन्यात ती पहिल्यांदा वाजणार होती; यादी त्याच कॉन्सर्टची होती.

गेली सहा वर्षं उपासनानं त्यांच्या हाताखाली काढली होती. ती मूळची नागपूरची, नोकरी एका लॅबमध्ये. सोबोलिन ओरडायचे सगळ्यांवरच, पण भर रिहर्सलमध्ये उभं करायचे ते तिला एकटीलाच. आत्ता दुसरा ओबो काय वाजवत होता? हॉर्न कुठे चुकला? उत्तर येईपर्यंत अख्खा ऑर्केस्ट्रा थांबायचा. व्हायोला वाजवणारीला ओबोसारख्या फुंकवाद्याशी काय करायचंय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. उपासनाच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. उभं राहताना दर वेळी तिला ते आठवायचं आणि कानशिलं तापायची. पुन्हा अपमान नको म्हणून तिनं सगळ्या वाद्यांचा स्कोअर पाठ करून टाकला होता.

आणि आता हे. तिनं नवऱ्याला, अनुपला, सगळं सांगितलं.

"ऑर्केस्ट्राच्या बोर्डाला लिही," तो म्हणाला. "किती ऐकून घेणार यार?"

गुरुवारी ती गेली नाही. सोबोलिन यांचे तीन फोन आले, तिनं एकही उचलला नाही. एकेक अपमान तारखेनिशी लिहून काढला. खाली बावीस वादकांनी सह्या केल्या. बोर्डानं सोबोलिन यांचा राजीनामा मागितला आणि मेची कॉन्सर्ट कॅन्सल केली.

त्या मीटिंगला बोर्डाची सेक्रेटरी नेत्रा हजर होती. म्हातारा भांडला नाही, असं तिनं नंतर सांगितलं. उपासनाची सही आहे का, एवढंच त्यानं विचारलं. पहिली तिचीच आहे म्हटल्यावर राजीनाम्यावर सही करून निघून गेला. आठवड्याभरात घर सोडून मुलीकडे ओरेगनला राहायला गेला.

"बरं झालं," उपासना म्हणाली. पण राग काही उतरला नाही.

पुढच्या शनिवारी हॉल आवरायला दोघी गेल्या, तर दाराशी कार्यक्रमपत्रिकांचे खोके येऊन पडले होते. मजकूर सोबोलिन यांनी आधीच परस्पर छापखान्यात पाठवला होता, आणि छपाई थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं. उपासनानं एक पत्रिका उचलून शेवटचं पान काढलं. व्हायोला. सात नावं. तिचं नाही.

"छापूनसुद्धा टाकलं," ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर."

नेत्रानं आपल्या हातातली पत्रिका पहिल्या पानावर उघडून उपासनापुढे धरली.

'सिम्फनी क्रमांक चार. रचना: अर्काडी सोबोलिन. कंडक्टर: उपासना मेश्राम.'