चाकांवरची खोली

शेवटची बिजागरी बसवून फ्रानेने कपाटाचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, पेचकस खिशात टाकला आणि हाक मारली, "आई, ये. झाली तुझी गाडी."

दिंका तयारच बसली होती. निळा झगा, चर्चला जातानाचे बूट, आणि मांडीवर कापडात बांधलेला अंजिरांचा केक. केक धाकट्या बहिणीसाठी होता. रूझा आतल्या मुलखात, द्रावा नदीच्या काठी राहायची. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. आज निघायचं, वाटेत एक मुक्काम गाडीतच करायचा आणि उद्या दुपारी रूझाच्या दारात उभं राहायचं, असं दिंकाने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. ठरवलं तेव्हा फ्राने समोरच होता. तो नाही म्हणाला नव्हता.

गाडी म्हणजे एका बेकरीने मोडीत काढलेली पावाची व्हॅन. फ्राने हिवाळाभर तिच्यामागे होता. पत्र्याला आतून बुचाचे तक्ते चिकटवले, त्यावर पाइनच्या फळ्या ठोकल्या, बाजू कापून खिडकी बसवली. दिंकाने फळ्या धरल्या, पडदे शिवले, गादीच्या खोळी शिवल्या. बिछाना त्याने मुद्दाम बुटका केला होता, तिच्या गुडघ्यांसाठी. दाराशी धरायला लाकडी मूठ लावली होती, आणि ती इतकी घासली होती की हाताला कुठे टोचत नव्हती. सत्तरी ओलांडेपर्यंत आपल्यासाठी कुणी एवढं निगुतीने काही केलेलं दिंकाला आठवत नव्हतं. शेजारच्या पेरिनाने कुंपणावरून टोमणा मारला होता, "या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालीस होय गं?" दिंका म्हणाली होती, "हो. तू बस इथे कोंबड्या राखत."

ती पुढच्या सीटवर चढली आणि तिने पट्टा लावला. गाडी सुरू झाली. पण ती फाटकाकडे न जाता घराच्या मागे वळली आणि ऑलिव्हच्या झाडांमध्ये जाऊन थांबली. फ्राने खाली उतरला. जॅक लावून त्याने एकेक कोपरा उचलला आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. ठोकळे मापाने कापलेले, रंग दिलेले होते. मग त्याने घराच्या भिंतीपासून विजेची वायर ओढत आणली. तिच्यामागून पाण्याची रबरी नळी.

दिंकाने काच खाली केली. "एवढं कशाला? आपण निघतोय ना?"

फ्राने नळी जोडत राहिला. मान वर न करता त्याने सांगितलं, की शनिवारी पहिले पाहुणे येताहेत. त्यांनी सगळं घर भाड्याने घेतलंय, तिची खोली धरून. त्याच्या बायकोने, सान्याने, जानेवारीतच त्यांना होकार कळवला होता. तो आणि सान्या तळघरात झोपणार आहेत. तिथे ओल आहे, आईच्या छातीला ती सोसायची नाही, म्हणून तर हे एवढं केलं. फक्त सप्टेंबरपर्यंत. समुद्रकिनाऱ्यावर आता उन्हाळ्यात सगळेच असं करतात. तो हे भराभर बोलला, पाठ केल्यासारखं.

दिंकाने सगळं ऐकून घेतलं.

"मग चाकं कशाला ठेवलीस?" तिने विचारलं.

फ्रानेने नळी खाली ठेवली. पट्टा तिच्याच्याने लवकर सुटेना. त्याने खिडकीतून हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

घरात, तिच्या खोलीत, पलंगावर नवी चादर होती. चादरीवर पांढऱ्या टॉवेलांची घडी आणि घडीवर चंदेरी कागदातला इवलासा साबण. तिचे कपडे दोन खोक्यांत भरून झाले होते. सान्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, राग नका मानू. मलाही हे बरं वाटत नाहीये." दिंका म्हणाली, उशी तेवढी माझी मी नेते.

तीन खेपांत तिने सामान एकटीने हलवलं. केक कुंपणावरून पेरिनाच्या कोंबड्यांना टाकला. पेरिना अंगणातच होती. तिने बाकीच्या कोंबड्याही केककडे हाकल्या.

शनिवारी पाहुणे आले. रविवारी सकाळी त्यांच्यातली एक जर्मन बाई, दिंकाच्याच वयाची, कॉफीचा कप घेऊन फिरत फिरत झाडांमध्ये आली. दिंका गाडीच्या पायरीवर बसून मटार सोलत होती. बाई थबकली. खुणेनेच परवानगी मागून तिने आत डोकावलं, फळ्यांवरून हात फिरवला, पडदे पाहिले, फोटो काढले. एवढ्यात फ्राने गॅसचा सिलिंडर घेऊन आला. त्याला जर्मन येत होतं. बाई त्याच्याशी भरभरून बोलली.

"काय म्हणते ती?" दिंकाने विचारलं.

"म्हणते, तुझा हेवा वाटतो. असं मोकळं राहायचं तिने जन्मभर मनात धरलं होतं, पण जमलं नाही."

दिंकाने हातातली शेंग सोलून संपवली.

"तिला विचार, तिला मुलगा आहे का."

फ्रानेने सिलिंडर खाली ठेवला. मग बाईकडे वळून, गाडीकडे आणि स्वतःकडे बोट दाखवत दोन-तीन वाक्यं बोलला. त्यात प्रश्नासारखं काही वाटलं नाही. बाईचा चेहरा उजळला. तिने छातीवर हात ठेवला आणि दिंकाकडे बघत ती कितीतरी वेळ मान डोलावत राहिली.