अण्णा नावाचा नमुना

पीएचडी संपवून मायदेशी निघालेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या डोक्यातलं संशोधन पुसूनच त्यांना सोडायचं, असा त्या देशाचा कायदा होता. विमानतळावर शर्वाणीला टोचलेले नॅनोकण तिच्या प्रयोगवहीतला शब्द न् शब्द मेंदूत हुडकून त्याला चिकटलेल्या आठवणी खरवडत गेले.

पाच वर्षं घराच्या ओढीनं जीव कासावीस व्हायचा. म्हणून प्रयोगशाळेत बनवलेल्या सगळ्यात चिवट पापुद्र्याच्या नमुन्याला तिनं वहीत आकड्याऐवजी वडिलांचं नाव दिलं होतं: अण्णा.

नागपूरला उतरताच ती आईच्या गळ्यात पडली. "अगं, अण्णा केव्हाचे ताटकळलेत तुझ्यासाठी," आई डोळे पुसत म्हणाली.

आईच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तिची बॅग उचलली. शर्वाणी संकोचली.

"राहू द्या काका, जड आहे."