सिग्नेची कडी

वाचताना अडखळली की वर्ग हसतो, म्हणून माझी मुलगी सिग्ने नऊ आठवडे शाळेत गेली नव्हती. तरी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या काळोख्या सकाळी आळीतली मुलं आमच्या फाटकाशी थांबायची, रांगेने शाळेत नेणाऱ्या लांब दोरीची एकेक कडी धरून. सिग्नेची कडी रिकामीच शाळेत जायची. दोरी ओढणारी शेजारीण तोरून म्हणायची, "रोज येते ती. फक्त बोलत नाही." मला वाटलं, धीर देतेय. आज खिडकीतून पाहिलं, तर कडी लोंबत नव्हती. कुणीतरी धरल्यासारखी ताणलेली होती. "आई, माझी कडी कुणी धरलीय?" सिग्नेने विचारलं. "कुणी नाही गं." "मग सोडायला सांग तिला!" बूट चढवून बाहेर धावली. "ओरडू नकोस," तोरून म्हणाली, "शाळेला घाबरते ती." सिग्ने थबकली. कडीपाशी हवेतला न दिसणारा हात धरून म्हणाली, "चल, मी आहे ना." रांग निघताना तोरूनने मला बजावलं, "उद्यापासून दोन डबे दे."