मंद आचेवर

"घाईने माणसाचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं लढायांनीही केलं नसेल," असं जाहीर करून निवृत्त स्टेशनमास्तरांनी मंद आचेवर पोर्क चॉप्स चढवले आणि पाचव्याच मिनिटाला झाकण उघडून पाहिलं.

"अहो, वाफ जाते," बायको म्हणाली.

गेल्या वर्षी त्यांच्या चॉपवर मेहुणीची दाढ तडकली होती. तेव्हापासून त्यांचं नाव निघालं की सासरची मंडळी गाल धरत. आज मेहुणी पुन्हा जेवायला आली होती. डाग धुवायचा तो आजच. सफरचंद, आलुबुखार, संत्र्याचा रस आणि तीन तास. त्यात झाकण बावीस वेळा उघडलं. मेटाकुटीला येऊन बायकोने झाकणावर खलबत्ता ठेवला, तर त्यांनी तोही उचलला.

जेवायला चार वाजले. मांस मात्र असं शिजलं, की चमचा लागताच हाडाने मुकाट अंग काढून घेतलं.

मेहुणीने ताट हळूच बाजूला सरकवलं. "भाऊजी, ती दाढ शेवटी काल काढली हो. आठवडाभर काही चावायचं नाही म्हणालेत डॉक्टर. मला आपला वाटीभर नुसता रस्सा द्या."

मास्तरांनी पातेल्यात पळी फिरवली; रश्शात सगळीकडे मांसाचे धागे तरंगत होते. मग बायकोला म्हणाले, "अगं, जरा चहाची गाळणी दे."