आधीचा ठोका

“काका, आज वार कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबा खिडकीतून आलेल्या उन्हाकडे बघत राहिले. डॉक्टर जरासे थांबले. “बरं, राहू द्या. काम काय करायचात तुम्ही?”

“गुरुवार,” बाबा म्हणाले.

“आणि ही कोण?” डॉक्टरांनी मुलीकडे बोट दाखवलं.

“कुलपं.”

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाने पोटच्या पोरीला कुलूप म्हणावं! मेंदूच्या झटक्यानंतर असं होतं, डॉक्टर म्हणाले. शब्द शिल्लक राहतात, पण सगळे विस्कटलेले. मग त्यांनी बॅग उचलली आणि ते गेले.

धाकटा भाऊ पलंगाशी वाकला. “बाबा, मला तरी ओळखलंत?”

“ढमी.”

ढमी म्हणजे ती, त्याची ताई. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून पडलेलं नाव. आता बाबांशिवाय ते कुणी घेत नसे. भावाने डोळे पुसले. “बघितलंस ना, ताई? मला ते तू समजतात आणि तुला कुलूप. दिवसभर तू कामावर असतेस. कशाच्या भरवशावर त्यांना इथे ठेवायचं? तिथे वृद्धाश्रमात निदान उशाशी माणूस तरी असेल.”

“मला ओळखतात रे ते. मला माहीत आहे.”

“मग तुझ्याकडे बघून एकदा, फक्त एकदा तुझं नाव घेऊ देत. त्यांची बॅग मी माझ्या हाताने रिकामी करीन.” तो वाईट नव्हता हो. त्याचाही जीव तुटतच होता. पण संध्याकाळी गाडी येणार, हे त्याने ठरवलं होतं.

तिने बाबांची उशी सारखी केली. “पाणी देऊ, बाबा?”

“धाकटा,” बाबा म्हणाले.

तिने पेला उशाशी ठेवला आणि ऑफिसची वाट धरली. बापाचे सदरे बॅगेत भरले जाताना बघत बसणं तिच्याच्याने होईना.

तिचं काम जमिनीच्या पोटात बघायचं. डोंगराखालून बोगदा जायचा होता. वर जमिनीवर घणाने ठोका द्यायचा, दूरवर रोवलेल्या यंत्रांनी कान लावून बसायचं. ठोक्याची लाट मातीतून, खडकातून निघते. ती जवळच्या वाटेने जात नाही, लवकरच्या वाटेने जाते. चिखल टाळून लांबच्या कातळावरून पळते. कुठे केव्हा पहिल्यांदा पोचेल, ते आयकोनल नावाचं एक समीकरण सांगतं. पडद्यावर त्याच्या निळसर रेघा एकातून एक उमलत जायच्या आणि ती त्यात हरवून जायची. आज तर तिला वाटलं, आपणच कुठेतरी खोल, मऊ अंधारात चालतोय, वर कुणीतरी हाक मारतंय, आणि ओ द्यायला तोंडच सापडत नाही.

तेवढ्यात एक रेघ खटकली. दलदलीच्या बाजूच्या यंत्रावर लाट फार लवकर उमटली होती. समीकरणाने सांगितलेल्या पहिल्या वेळेच्याही आधी! असं होऊच शकत नाही. सगळ्यांत लवकर म्हणजे सगळ्यांत लवकर. तिच्या आधी कोण येणार?

“काय गं, तोंड वासून काय बसलीस?” शेजारून घणवाली म्हणाली. माळावर ठोके तीच देई, म्हणून तिचं हे नाव.

“ही लाट बघ. ठोक्याच्या मागोमाग लगेच हजर.”

घणवालीने जीभ चावली. “चुकलंच माझं. ऊन डोक्यावर आलं होतं, उरकून टाकावं म्हटलं. एक ठोका विरायच्या आत दुसरा दिला. ही या ठोक्याची नव्हेच गं. आधीच्या ठोक्याची आहे. बिचारी चिखलातून रखडत आली, तोवर मी पुढचा ठोका देऊन मोकळी!”

ती पडद्याकडे बघत राहिली. निळ्या रेघा हळूहळू धूसर झाल्या. आज गुरुवारच होता. बाबा कुलपंच दुरुस्त करायचे. आणि ‘ही कोण?’ म्हटल्यावर ढमीच.

“अगं, रडतेस काय वेड्यासारखी?” घणवाली घाबरून म्हणाली. तिने नुसती मान हलवली, पर्स उचलली आणि ती पळत सुटली.

घरी बॅग दाराशी उभी होती. पेला रिकामा होता. बाबा पलंगावर, भिंतीवरच्या पिवळ्या उन्हात, बाहेरचा सदरा घालून बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली.

“बाबा, मी कोण?”

बाबा उन्हाकडे बघत राहिले. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

“ताई, गाडी आली. कशाला पुन्हा त्यांना...”

तिने भावाचा हात घट्ट धरला. “दुसरा ठोका देऊ नकोस,” ती पुटपुटली. त्याला काही कळलं नाही. पण तिचा चेहरा बघून तो गप्प बसला.

खिडकीचा पडदा हलला, थांबला. ऊन भिंतीवरून कपाटावर सरकलं. उन्हात धुळीचे कण तरंगत राहिले, जणू सगळी खोलीच पाण्याखाली आहे. हॉर्न पुन्हा वाजला. भावाने ओठ हलवले आणि तसेच मिटले. तिला मात्र आता घाई नव्हती. तिला दिसत होतं, तिची हाक कुठवर पोचली असेल, कुठल्या चिखलातून बाबा पाय उचलत येत असतील.

मग बाबांची मान वळली. ते तिच्याकडे बघू लागले, थकलेले, थोडे वैतागलेलेसुद्धा.

“ढमे,” ते म्हणाले, “किती वेळा सांगायचं गं?”