भरवशाचं स्टेअरिंग

आमच्या डोंगरात जुन्या जीपचा पार्ट घेताना कंपनी कुणी विचारत नाही. गाडी कोण चालवायचं, ते विचारतात. दरीत गेलेल्या गाडीचा खिळासुद्धा कुणी घरात आणत नाही.

म्हणून माझ्या नवऱ्याने, फुर्बाने, सिलिगुडीचं कोरं स्टेअरिंग सोडून छिरिंगदाजूंच्या जीपचं घेतलं. "चाळीस वर्षं संदकफूच्या वाटेवर, गाडीला एक ओरखडा नाही. स्वतःच्या अंथरुणावर गेला माणूस," मिस्त्री म्हणाला. "आणखी काय भरवसा हवा तुला?"

आठवड्यातच आमच्या छोटीला ताप चढला. खालच्या दवाखान्यात न्यायला तिला छातीशी धरून मी मागे बसले. छिरिंगदाजूंची बायको, आमची भाउजू, आपणहून येऊन फुर्बाच्या शेजारी बसली. जन्मभर ती नवऱ्यासोबत अशीच खाली-वर करायची. उताराला लागलो आणि भर दुपारी धुकं असं दाटलं, की जीपचं नाकही दिसेना. डावीकडे दरी. छोटी आता कण्हतही नव्हती.

"भाउजू, मला काही दिसत नाहीये," फुर्बाचा आवाज फाटला. "थांबतो मी."

"थांबलास तर पोरगी हातची जाईल. चल, बायकोसमोर रडतोस काय!"

"अहो, पण वाट तरी दिसायला हवी ना?"

"त्यांना कुठे दिसत होती? शेवटची अकरा वर्षं डोळे पार गेले होते त्यांचे. कुणाला कळू दिलं नाही आम्ही." तिने वाकून फुर्बाच्या आवळलेल्या मुठी हळूच सैल केल्या. "तू नुसते हात ठेव. घट्ट धरलेलं त्यांना आवडत नाही."